चढणं सोपं, उतरणं शीक

अवं बाई, नवी थार दारात आली आणि तुला लगेच पावसाळ्यातलं चिखलदरा दिसायला लागलं! जा ना, खुशाल जा. फक्त आईला सांगायच्या आधी माझं ऐक.

अकोल्याहून दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा, तिथवर सगळं सपाट. खरं काम पुढच्या घाटात, तेही परतताना. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी चढते, थांबत नाही. थांबायच्या बाबतीत तुझी थार आणि बाबांची जुनी अल्टो सारखीच; तुझी उलट जड. म्हणून उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा, जास्तच उतार असेल तर पहिल्यात. न्यूट्रल नाही, क्लचवर पाय नाही. ब्रेक सारखा दाबून ठेवलास तर तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही.

कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकू नको. वळताना पुढची-मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, सगळा ताण आतल्या गिअरवर येतो. चिखल, मुरूम, दगड लागले की थांबून फोर-लो टाक. मग पहिल्या गिअरमध्ये गाडी गाभण गाईसारखी सावकाश उतरते. अंगठे तेवढे स्टिअरिंगच्या बाहेर ठेव. दगडावर चाक आपटलं की ते फटकन फिरतं.

सराव मामांच्या पांदणीवर कर. एक पाऊस पडलेली आपली काळी माती भल्याभल्यांना शिकवते, आणि तिथं फसलीस तर ओढायला ट्रॅक्टर आहे.

रीलवाले पोट्टे जंगलात गाडी घालतात, तू नको. मेळघाट 1973-74 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, रस्ता सोडणं गुन्हा. डिसेंबर 1803 मध्ये गाविलगड घ्यायला इंग्रजांच्या फौजेनं याच डोंगरांतून स्वतः वाट करत तोफा हातांनी ओढल्या होत्या. तुला कोणता गड घ्यायचाय?

रपट्यावरून पाणी जात असेल तर ओसरेपर्यंत थांब. समोरून चढणारी गाडी आली तर आधी तिला जाऊ दे. मागचा ‘बाई चालवतेय’ म्हणून हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

डिझेल परतवाड्यालाच भर. सेमाडोहकडे उतरणार असशील तर आधी फोन कर, पुढे रेंजचा भरवसा नाही. आणि तुझे हे अर्ध्या घाटात ‘आता मी घेतो’ म्हणाले, तर चावी देऊ नको. त्यांचा पाय क्लचवरून निघत नाही, मी पाहिलंय.