गाडीचा एसी थंड करत नाही? गॅस भरण्याआधी हे वाचा

परवाच्या व्हिडिओत गेज लावून दाखवला होता. आज तोच विषय लिहून देतोय, म्हणजे काम करताना मोबाईलवर समोर ठेवता येईल.

आधी माझी चूक सांगतो. दुकान सुरू केलं तो पहिला उन्हाळा. एक टॅक्सीवाले काका आले, "एसी थंड होत नाही." मी गॅस भरला, पैसे घेतले. पंधरा दिवसांनी काका परत. मी पुन्हा गॅस भरला. त्यानंतर ते आलेच नाहीत. नंतर कळलं, दुसऱ्या गॅरेजवाल्याने पाइपच्या जोडातली एक ओ-रिंग बदलली आणि काम झालं. काका भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "दादा, गॅसच्या पैशाचं काही नाही, पण भर उन्हाळ्यात माझी भाडी गेली." त्यांच्या स्टँडवरची एकही गाडी पुढे वर्षभर माझ्याकडे आली नाही. बीबीएला 'कस्टमर रिटेन्शन' वर पेपर लिहिला होता, समजलं त्या दिवशी!

म्हणून आजचा मुद्दा एकच: एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झालाय म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी लीक आहे. लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

१. आधी विचारा

- हवाच कमी येते? केबिन फिल्टर आणि ब्लोअर बघा.
- चालत्या गाडीत थंड, सिग्नलला गरम? कंडेन्सरचा फॅन बंद असेल किंवा जाळीत धूळ असेल.
- गॅस भरल्यावर थंड, मग हळूहळू कमी? लीक धरूनच चाला.

२. मग डोळ्यांनी बघा

एसी लावल्यावर फॅन फिरतो का? क्लचवाला कॉम्प्रेसर असेल तर क्लच ओढतो का? ओढत नसेल तर लगेच "कॉम्प्रेसर गेला" म्हणू नका. गॅस कमी असला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. फ्यूज आणि रिलेही तपासा. पाइपच्या जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर तिथे थांबा. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. काकांच्या गाडीत तो डाग नक्की असणार, मी बॉनेटमध्ये नीट वाकलोच नव्हतो.

३. गेज लावा

आर-१३४ए गॅसच्या गाडीत, एसी चालू असताना, लो साइडला साधारण २५ ते ४५ पीएसआय आणि हाय साइडला १५० ते २५० पीएसआय दिसतं. कडक उन्हात दोन्ही काटे वर जातात, हे लक्षात ठेवा.

- दोन्ही कमी: गॅस कमी.
- दोन्ही जास्त: कंडेन्सर घाण, फॅन बंद किंवा गॅस जास्त भरलाय.
- लो जास्त, हाय कमी: कॉम्प्रेसर दाब बनवत नाही.
- लो एकदम खाली, व्हॅक्यूमकडे: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह चोक असू शकतो.

४. लीक शोधा

रेग्युलेटर लावून नायट्रोजन भरा, जोडांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे बघा. ऑक्सिजन कधीही वापरू नका, आतल्या तेलामुळे स्फोट होऊ शकतो. कंडेन्सर समोरच असतो, त्यामुळे दगड लागून लीक होतो. बाहेर काहीच सापडलं नाही तर डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉईलचा संशय घ्या.

५. दुरुस्ती आणि भरणा

जुना गॅस हवेत सोडू नका, रिकव्हरी मशीनमध्ये घ्या. ओ-रिंग नवीन, तिला एसीचंच तेल. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम, पंप बंद करून काटा हलत नाही ना ते बघा. शेवटी गॅस वजनावर भरा. किती ग्रॅम, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. अंदाजाने भरू नका. नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो पेट घेऊ शकतो, त्याचं मशीन वेगळं, मिसळायचा नाही. चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करा. द्रव गॅस कातडीला लागला तर बर्फासारखी जखम होते.

आता धंद्याचं गणित

तपासणीचे पैसे वेगळे लावा आणि ते आधीच सांगा. "साहेब, लीक शोधायचे इतके होतील, काम इथेच केलंत तर बिलात वजा करतो." ग्राहक नाही म्हणाला तरी हरकत नाही. बिलावर लिहा: काटा किती होता, लीक कुठे होता, गॅस किती ग्रॅम भरला, जाळीतली हवा आधी किती डिग्री आणि नंतर किती. जुना पार्ट हातात द्या.

नुसता गॅस भरून आज पैसे मिळतात, हे खरं. पण लीक काढलेला ग्राहक पुढच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याची गाडी घेऊन येतो.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दुकानासाठी अशा तपासणीचा एक पानी फॉर्म बनवा आणि पुढच्या पाच गाड्यांवर वापरून बघा. भेटू पुढच्या व्हिडिओत!