गोळी कुठं सापडली, ते आधी लिहा

आमच्या संभाजीनगरात जुन्या नाण्यांच्या नादी लागलेल्या तरुणांच्या हाती हल्ली मेटल डिटेक्टर आला आहे. लांब दांडा, खाली थाळी, कानाला हेडफोन. ऑनलाइन मागवला की घरपोच. मी स्वतः बरीच वर्षं नाणी जमवतो, म्हणून शेतात सापडलेलं काहीबाही ओळखून घ्यायला ही मुलं माझ्याकडे येतात. शिवराई, ढब्बू पैसा, निजामाचा हाली सिक्का, कंपनी सरकारचा पाव आणा. त्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो. म्हणूनच हे लिहितो आहे.

माझ्या मावसबहिणीची शेती जालना जिल्ह्यात असईजवळ आहे. 1981 पर्यंत तो भाग आमच्याच जिल्ह्यात होता. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची गाठ पडली. समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसताच त्यानं ताडलं, की मध्ये उतार असणारच, आणि पिंपळगावाजवळ नदी ओलांडली. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी तोफांसह तोंड फिरवून नवी फळी धरली. त्या तोफांनी असा मारा केला, की जिंकूनही इंग्रजांकडचे 428 जण ठार आणि हजारावर जखमी झाले. पुढं वॉटर्लू जिंकणारा हा माणूस ही लढाई जन्मभर विसरला नाही. आपल्या शाळेत मात्र ती दोन ओळींत उरकते.

त्याच मातीत माझ्या भाच्यानं डिटेक्टर फिरवला. आधी नुसता कचराच. वखराच्या पासेचा तुकडा, बैलाच्या पायाच्या पत्र्या, ट्रॅक्टरचे नट, गुटख्याच्या पुडीची चांदी. दख्खनच्या काळ्या दगडाच्या मातीत लोहखनिज भरपूर, त्यामुळे स्वस्तातलं यंत्र रिकाम्या जागीही किणकिणत राहतं. पण पोरगं चिकाटीचं. एक दिवस लोणच्याची बरणी घेऊन घरी आला. झाकण उघडून त्यानं वर्तमानपत्रावर ओतलं, तर शिशाच्या गोळ्या. घासूनपुसून चकचकीत केलेल्या.

“मामा, लढाईतल्याच ना या?”

मी एकेक हातात घेतली. काही अगदी वाटोळ्या, काही एका बाजूनं चेपलेल्या, एक तर पार चपटी होऊन तिची कड फाटलेली. वाटोळी गोळी बहुधा बार भरताना शिपायाच्या हातून निसटलेली असते. चपटी कशावर तरी आदळलेली असते, दगडावर, हाडावर. म्हणजे वाटोळ्या गोळ्या जिथं जास्त, तिथं फळी उभी होती, आणि चपट्या जिथं विखुरल्या, तिकडं मारा होत होता. इंग्रजी मस्केटची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर व्यासाची, फ्रेंच धाटणीच्या बंदुकीची जरा लहान. नुसत्या व्यासावरून गोळी कोणत्या बंदुकीची, याचा अंदाज बांधता येतो.

मी विचारलं, “यातली कुठली कुठं सापडली?”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “सगळ्या आपल्याच रानात, मामा.”

रान नदीपासून वरच्या बांधापर्यंत पसरलेलं. बरणीत सगळं एक झालं होतं. गोळ्या हाती आल्या, पण शिंद्यांची फळी नेमकी कुठं उभी राहिली, हे सांगण्याची त्यांची ताकद गेली. इंग्रज अधिकाऱ्यांनी कागदोपत्री भरपूर लिहून ठेवलं आहे. शिंद्यांच्या पलटणीतल्या साध्या शिपायानं काही लिहिलेलं नाही. त्याची साक्ष या मातीतच आहे, आणि ती एकदा काढली की परत पेरता येत नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

अमेरिकेत मोंटानामधल्या लिटल बिगहॉर्नच्या रणांगणावर 1983 साली वणव्यात गवत जळून गेलं. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी हेच यंत्र वापरलं. यंत्र वाजलं तिथं झेंडी रोवायची, जागा मोजून नोंदवायची, मगच वस्तू उचलायची. रिकाम्या काडतुसांवरच्या खुणांवरून एकेक बंदूक रणांगणावर कशी सरकत गेली, हे त्यांनी दाखवलं आणि 1876 च्या त्या लढाईच्या प्रचलित कथा तपासून घेता आल्या. यंत्र तेच, पण हाती वही होती.

म्हणून माझं सांगणं आहे, की मुद्दाम खणू नका. नांगरटीत, पावसानंतर, बांध कोरताना जे आपोआप वर येतं तेवढंच पुष्कळ आहे. मोबाइलवर जागा टिपा, वस्तू होती तशीच ठेवून फोटो काढा, गट नंबर, तारीख आणि खोली लिहा. प्रत्येक वस्तूला वेगळी पिशवी, आत चिठ्ठी. घासू नका, चिंच-लिंबू लावू नका. शिशावरचा पांढुरका थर विषारी असतो, हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.

लोखंडी गोळा सापडला तर हातही लावू नका. भरीव गोळा निरुपद्रवी, पण पोकळ गोळ्यातली दारू दोन शतकांनंतरही पेटू शकते. अमेरिकेत व्हर्जिनियात 2008 साली यादवी युद्धातला असा गोळा साफ करताना एक अनुभवी संग्राहक ठार झाला. लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.

कायद्याचंही ऐका. दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, औरंगाबाद लेणी अशा संरक्षित जागी परवान्याशिवाय खणता येत नाही. असंरक्षित जागी पुरातत्त्वीय उत्खननासाठी राज्य सरकारलाही केंद्राची मंजुरी लागते. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय, किती, कुठं, कधी. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि कुणी हक्कदार निघाला नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, एक चतुर्थांश जमीनमालकाचं. शंभर वर्षांपलीकडची वस्तू परदेशी पाठवणं 1972 च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा ऑनलाइन विक्रीच्या आमिषाला बळी पडू नका.

आणखी एक धोका गावातलाच. रानात यंत्र फिरलं की “गुप्तधन लागलं” ही आवई संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. मग रात्री अनोळखी माणसं बांधावर दिसतात, मागोमाग लिंबू-नारळवाला भोंदू येतो. असल्या अघोरी प्रकारांवर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. घरच्यांना सांगून, दिवसाउजेडी, शेतमालकाच्या लेखी परवानगीनंच रानात पाऊल टाका.

शेतकरी मला हमखास विचारतात, “कळवलं तर सरकार रान घेईल का?” वस्तू कळवली म्हणून सातबारा बदलत नाही. जागा केंद्राच्या कायद्याखाली संरक्षित करायची झाली, तरी आधी दोन महिन्यांची जाहीर नोटीस काढावी लागते आणि त्या मुदतीत हरकत घेता येते. आपल्या शहरात सोनेरी महालात राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे, विद्यापीठाचं इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. वस्तू दाखवायला नेताना नोंदींची एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि वस्तू तिथं ठेवली तर सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका.