सोंग छिंगशू एवढा का घसरला?

प्रश्न : चिनी तलवारबाजीच्या मालिका मी सबटायटल्स लावून आवडीने पाहते. त्यांतल्या एकीत वुडांग पंथाच्या थोरल्या शिष्याचा मुलगा आहे, सोंग छिंगशू. रूप, विद्या, घराणं, कशातच कमी नाही. आणि तो एका मुलीपायी काकांच्या जागी असलेल्या माणसाचा जीव घेतो! हे काही पटेना. मूळ कादंबरीत आणखी काही कारण आहे का?
– एक वाचक

उत्तर : आहे. आणि माझ्या मते ते प्रेमापेक्षा अब्रूचं आहे.

ही कादंबरी जिन योंग यांची. 1961 ते 1963 या काळात ती हाँगकाँगच्या ‘मिंग पाओ’ या त्यांच्याच दैनिकात क्रमशः आली. काळ युआन राजवटीच्या अखेरचा. शंभरी ओलांडलेले गुरू झांग सानफेंग, त्यांचे सात शिष्य आणि त्यांत थोरले छिंगशूचे वडील, सोंग युआनछ्याओ. पोरगा नुसता देखणा नव्हता. मिंग पंथावरच्या मोहिमेत त्याची हुशारी पाहून एमेई पंथाची करारी गुरुमाताही लढाईचे हुकूम त्यालाच द्यायला सांगते. पुढे हाच वुडांगचं नाव काढणार, हे सगळे धरूनच चाललेले.

मग ती रात्र. एमेईच्या मुली जिथे मुक्कामाला असतात, तिथे त्यांच्यातल्या झोऊ झरुओच्या ओढीने हा चोरून डोकावतो आणि नेमका सातवे काका मो शेंगगू यांच्या नजरेस पडतो. काका पाठलाग करतात, दोघांची जुंपते आणि पुतण्याच्या हातून काका मारले जातात. गुन्हा मुळात लाजिरवाणा होता, पण कान उपटून, शिक्षा भोगून मिटला असता. एखाद्या मवाल्याने माफी मागितली असती. निष्कलंक घराण्यातल्या या मुलाला मात्र तेवढं उघडं पडणंही सोसलं नाही. पुढचं सगळं त्यातूनच येतं : छन यौल्यांग नावाचा एक कारस्थानी माणूस हे गुपित हातात धरून त्याला नाचवतो, थेट वुडांगच्या वडीलधाऱ्यांना विष घालायला सांगण्यापर्यंत. ते दोघे हे बोलत असताना आडोशाला छिंगशूचे वडील आणि तिघे काका ऐकत असतात, हालचाल करता येत नाही अशा अवस्थेत. सुटल्यावर बाप तलवार स्वतःवरच उगारतो. माझ्या लेखी कादंबरीतलं सर्वांत कठीण पान ते.

शेजारी नायक झांग वूजी ठेवून पाहा. तोही वुडांगच्याच एका शिष्याचा मुलगा, पण आई ‘वाममार्गी’ पंथाची आणि मानलेला बाप शे शुन म्हणजे कित्येक खुनांचा धनी. त्याच्या घरावरचा डाग जगजाहीर, त्यामुळे त्याला झाकण्यासारखं काही उरतच नाही. सन्मार्गी आणि वाममार्गी ही पाटी जन्माने लागत नाही, हे लेखकाला या जोडीतून दाखवायचं आहे.

तरीही तुमची तक्रार अगदीच चुकीची नाही. छिंगशूच्या मनात लेखक फारसा शिरतच नाही. खुनासारखा खून, तोही आपल्याला इतरांच्या बोलण्यातून कळतो. झरुओ पुढे त्याला नवरा म्हणून मिरवते, तेही नावापुरतं, वूजीला डिवचण्यासाठी. शेवटी दुसरे काका यू ल्यानझोऊ त्याची कवटी फोडतात आणि जेमतेम जिवंत असलेल्या त्याला वुडांगवर आणल्यावर झांग सानफेंग स्वतःच्या हाताने संपवतात. मुलाला वळण लावता आलं नाही म्हणून युआनछ्याओंकडून पंथाची सूत्रं जातात आणि ती ल्यानझोऊंकडे येतात.

1976 मध्ये जिन योंग यांचा थोरला मुलगा अमेरिकेत वारला, ऐन तारुण्यात. दुसऱ्या वर्षी या कादंबरीला जोडलेल्या मनोगतात त्यांनी लिहिलं, की शिष्य आणि मानलेला मुलगा गमावल्याचं झांग सानफेंग व शे शुन यांचं दुःख आपण फार वरवर लिहिलं. तेव्हा ते आपल्याला कळलेलं नव्हतं. त्यात युआनछ्याओंचा उल्लेख नाही. मी असतो तर त्यांचं नाव आधी घेतलं असतं.