भिंतीही शिकवतात

(आपण जेथे बसून शिकतो, त्या जागेचा आपल्या मनावर परिणाम होतो. तो कसा, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, चित्रकलेचा तास आठवा. एखादी रेघ चुकते आणि शेजारचा हसेल म्हणून आपण चटकन हाताने कागद झाकतो. कागद झाकला की चूक दिसत नाही. पण ती सुधारतही नाही.

इमारतीचा नकाशा, खुर्चीचा आकार, कापडावरची नक्षी यांची आधी योजना करावी लागते. तिला डिझाइन म्हणतात. ही कला शिकणाऱ्यांना आपले काम नेहमी सर्वांसमोर मांडावे लागते. गणिताचे उत्तर बरोबर असते किंवा चूक. डिझाइनमध्ये मात्र शिक्षक दोष दाखवतात आणि पुन्हा काढायला सांगतात. रात्र जागून केलेले काम नापसंत झाले की राग येतो, रडू येते. 'मला हे जमणारच नाही,' असेही वाटते. अशा वेळी भोवतालची जागा विद्यार्थ्याला धीर देते किंवा आणखी खचवते.

प्रसिद्ध वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी या गोष्टीचा विचार केला. त्यांचा जन्म 1927 साली पुण्यात झाला. मुंबईच्या सर जे. जे. संस्थेत त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. 1962 साली अहमदाबादेत वास्तुकलेची शाळा सुरू झाली. तिच्या स्थापनेत दोशींचा मोठा वाटा होता. शाळेची इमारतही त्यांनीच योजली.

ही इमारत विटा आणि काँक्रीटची आहे. तिच्यात थाटमाट नाही. कामाच्या दालनांत उत्तरेकडून उजेड येतो. हा उजेड दिवसभर सारखा आणि सौम्य असतो. त्यामुळे डोळे दिपत नाहीत आणि चित्र काढणाऱ्याचे मन कामात रमते. दालने उंच व मोकळी आहेत. दोशींना बंद दरवाज्यांची शाळा नको होती. इमारतीखाली सावलीची मोकळी जागा आहे, रुंद पायऱ्या आहेत, बाहेर झाडे आहेत. तेथे विद्यार्थी आणि शिक्षक सहज बोलत बसू शकतात.

या मोकळेपणाचा मोठा फायदा आहे. नवा विद्यार्थी मोठ्या विद्यार्थ्यांना काम करताना पाहतो. त्यांच्याही रेघा चुकतात, तेही खोडतात, तेही पुन्हा काढतात. हे पाहिले की त्याला आपली चूक एवढी मोठी वाटत नाही.

2018 साली दोशींना वास्तुकलेतील प्रित्झकर पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. 2023 साली त्यांचे निधन झाले.

चांगली जागा असली म्हणजे सारे झाले, असे मात्र नाही. मी माझ्या वर्गात फक्त उत्तम चित्रे भिंतीवर लावत असे. एकदा एका मुलीने हळूच विचारले, "सर, माझे चित्र भिंतीवर कधीच लागणार नाही का?" मला उत्तर सुचेना. भिंत तीच होती. पण ती काहींना शाबासकी देत होती आणि बाकीच्यांना गप्प करत होती. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सर्वांची चित्रे लावू लागलो. आधी अर्धवट, मग सुधारलेली. हळूहळू कागद झाकणारे हात बाजूला झाले.

नवी इमारत बांधणे आपल्या हाती नसते. पण खिडकी उघडणे, मागे बसलेल्याला उजेडाजवळ जागा देणे आणि कुणाच्या चुकीला न हसणे, हे तर आपल्या हाती आहे ना?

शब्दार्थ
वास्तुविशारद – इमारतींची योजना करणारा तज्ज्ञ
दालन – मोठी खोली
खचणे – धीर सुटणे
सौम्य – डोळ्यांना न खुपणारा, मंद
रमणे – आनंदाने गुंतणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बाळकृष्ण दोशी यांचा जन्म कोठे झाला?
(आ) दालनांत कोणत्या दिशेने उजेड येतो?
2. कारण लिहा : नव्या विद्यार्थ्याला आपली चूक मोठी वाटत नाही.
3. 'भिंत तीच होती. पण ती काहींना शाबासकी देत होती आणि बाकीच्यांना गप्प करत होती.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
4. इमारत, कागद, दरवाजा हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.
5. उपक्रम : तुमच्या वर्गात कोणता एक बदल केल्यास सर्वांना बरे वाटेल? पाच ओळी लिहा.