खानावळीचा हिशेब

मुंबईतील परळ, लालबाग हा परिसर गिरणगाव म्हणून ओळखला जाई. कोकणातून व घाटावरून आलेले अनेक गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून येथे एकटे राहत. चाळीतील स्त्रिया त्यांना दोन वेळचे जेवण देत आणि त्यावर आपला संसार चालवीत. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागत. त्यामुळे पहाटे पेटलेली चूल रात्री उशिराच विझे.

कष्टांहून मोठा जाच होता तो पैशांचा. कामगार जेवणाचे पैसे पगार झाल्यावर देत. तांदूळ, डाळ, तेल मात्र रोज लागे. मग वाण्याची उधारी आली. तो सांगेल तो भाव आणि मागेल ते व्याज मुकाट्याने मान्य करावे लागे. उधारीच्या धान्यात खडे निघाले तरी तक्रार कोण करणार? एखादा जेवणारा पैसे बुडवून निघून गेला, तर दागिने गहाण पडत.

१९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. पण या स्त्रियांपाशी तारण कोठले? १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. स्त्रियांनी गट करून एकमेकींची हमी घेतली आणि बँकेचे कर्ज मिळविले. आता रोख पैसे मोजून धान्य पारखून घेता येऊ लागले.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. तो लांबत गेला, तसे कामगार गावी परतू लागले. पाने मांडायची, पण कोणासाठी? थकलेली बाकी वहीतच राहिली.