अर्धवट राहिलेले स्पिटफायर

छंद म्हणून विमानांच्या प्रतिकृती बनविणाऱ्यांच्या घरी पूर्ण झालेल्या विमानांइतक्याच अपूर्ण विमानांच्या पेट्या आढळतात. माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली अशी एखादी पेटी पंधरा-वीस वर्षांनी खाली काढली जाते. झाकणाचा कोपरा कुरतडलेला असतो. आत विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग एकमेकांस चिकटविलेले असतात, एका पंखाचा वरचा तुकडा बसविलेला आणि दुसऱ्याचा सुटा असतो, चाके कागदाच्या पुडीत बांधलेली असतात, आणि गोंदाच्या वाळलेल्या थेंबात कोणाच्या तरी बोटाचा ठसा उमटलेला दिसतो. तो ठसा कधी स्वतःच्याच लहानपणीचा असतो, कधी दूर गेलेल्या भावाचा, तर कधी आता हयात नसलेल्या वडिलांचा.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर असे काम पुन्हा हाती घेण्यात शहाणपण नाही. त्याच विमानाचे नवे संच बाजारात मिळतात. त्यांचे साचे अधिक अचूक असतात आणि सांधे अधिक नीट बसतात. ज्याला केवळ निर्दोष प्रतिकृती हवी असेल त्याने नवा संच घ्यावा हे उत्तम. जुनी पेटी ज्याला पूर्ण करावयाची आहे त्याचा हेतू निराळा असतो, आणि त्या हेतूमुळेच त्याच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो: जुन्या कामातील काय मोडावे आणि काय राहू द्यावे?

या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट विमानाच्या आधारे करणे सोयीचे होईल. ब्रिटनचे स्पिटफायर हे लढाऊ विमान त्यासाठी योग्य आहे, कारण त्याच्या प्रतिकृती फार मोठ्या संख्येने बनल्या आणि म्हणून अर्धवटही फार राहिल्या. आर. जे. मिचेल यांच्या या विमानाच्या पहिल्या नमुन्याने 5 मार्च 1936 रोजी उड्डाण केले, आणि 4 ऑगस्ट 1938 रोजी डक्सफर्ड येथील 19 व्या स्क्वाड्रनला त्याच्या पहिल्या आवृत्तीचे, म्हणजे मार्क 1 चे, पहिले विमान मिळाले. योगायोग असा की, 1936 या वर्षीच ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने प्लास्टिकचे विमान-संच प्रथम विक्रीस आले. ते सेल्युलोज अॅसिटेटचे होते. हे प्लास्टिक काळाबरोबर वाकते व पिळवटते. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरिन आले आणि हा दोष पुष्कळसा दूर झाला. वीस-तीस वर्षांपूर्वीची पेटी आज उघडता येते याचे बरेच श्रेय या पदार्थाला आहे.

लहान विमानांसाठी सर्वाधिक रूढ झालेले प्रमाण 1:72 हे होय. प्रत्यक्षातील सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतील एक इंच. मार्क 1 च्या पंखांचा विस्तार 36 फूट 10 इंच आणि लांबी 29 फूट 11 इंच. या प्रमाणात ते अनुक्रमे सुमारे 156 आणि 127 मिलिमीटर होतात. म्हणजे संपूर्ण विमान तळहातावर मावते. हे प्रमाण ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. प्रतिकृतीतील अर्ध्या मिलिमीटरची चूक ही प्रत्यक्ष विमानातील 36 मिलिमीटरची चूक असते.

पेटी उघडल्यावर लगेच ब्रश किंवा कानस हाती घेऊ नये. प्रथम एकच गोष्ट शोधून काढावी: काम कोठे थांबले? उत्साह संपला म्हणून काम सुटले असे सांगितले जाते, पण तुकडे निराळे सांगतात. बहुतेक वेळा काम एखाद्या न बसणाऱ्या सांध्यापाशीच थांबलेले असते. स्पिटफायरच्या बाबतीत ती जागा म्हणजे पंख आणि धड यांचा जोड. या विमानाचा पंख धडाला सरळ रेषेत भिडत नाही. तेथे पत्र्याचा एक सुंदर वळणदार पदर असून तो पंखाच्या पाठीवरून धडाच्या कुशीत चढत जातो. जुन्या साच्यांत या पदराच्या कडेला मिलिमीटरभर फट राहत असे. दहा-बारा वर्षांच्या मुलाने ती फट गोंदाने भरण्याचा प्रयत्न केला, गोंदाने प्लास्टिक विरघळविले, आणि पेटी बंद झाली. एवढीच बहुधा त्या वीस वर्षांची हकीकत असते.

येथे दोन प्रकारचे दोष वेगळे करावे लागतात. फट ही साच्याची चूक आहे. विरघळलेली कड ही हाताची चूक आहे. साच्याच्या चुका कोणाही संकोचाविना दुरुस्त कराव्यात. हाताच्या चुकांपैकी ज्यांनी विमानाचा आकार बिघडतो त्या सुधाराव्यात. उरलेल्यांबाबत घाई करू नये. बैठकीच्या आत चोपडलेला जाड रंग धड बंद झाल्यावर नीटसा दिसतही नाही. धडाचा सांधा पक्का असेल तर केवळ तेवढ्यासाठी तो उघडणे म्हणजे चांगले काम मोडून वाईट काम शोधणे होय.

सांधा उघडणे भागच पडले तर हा गोंद काय असतो हे जाणले पाहिजे. तो कागदाच्या गोंदासारखा मधे थर होऊन बसत नाही. त्यातील द्रावक दोन्ही कडांचे पॉलिस्टायरिन मऊ करतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर एकजीव होतात. एक प्रकारचे ते वेल्डिंगच आहे. गोंद कमी लागला असेल तर तुकडा काही तास बर्फाच्या कप्प्यात ठेवल्याने सांधा कधीकधी ठिसूळ होऊन सुटतो. एकजीव झालेला सांधा मात्र बारीक दातांच्या करवतीनेच कापावा लागतो. जुना इनॅमल रंग काढण्यासाठी मोटाररंगाचा थिनर वापरण्याचा मोह घातक ठरतो, कारण तो रंगाबरोबर विमानही विरघळवितो. मोटारीच्या ब्रेकचे तेल हे काम सावकाश पण सुरक्षितपणे करते. हातमोजे मात्र विसरू नयेत, आणि नंतर तुकडे साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत.

आता मुख्य दुरुस्तीकडे वळावे. स्पिटफायर समोरून पाहिले असता त्याचे पंख आडवे नसतात. मुळापासून टोकाकडे ते 6 अंशांनी वर उचललेले असतात. विमान एका बाजूस कलले की आपोआप सरळ होण्यास हा कोन मदत करतो. जुन्या संचांत पंखाचा खालचा भाग बहुधा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग एकाच तुकड्याचा असतो. तो नेहमीच्या दाबाने सपाट झालेला असला, किंवा नवशिक्या हाताने तसाच चिकटविला, की विमानाची सारी ऐट जाते. रंग कितीही अचूक दिला, आकडे कितीही बारीक रेखाटले, तरी पाहणाऱ्याला काहीतरी चुकले आहे असे वाटत राहते, आणि काय ते सांगता येत नाही.

उपाय सोपा आहे. खालच्या तुकड्याच्या आतील बाजूस, जेथे पंख धडाला लागतो तेथे, चाकूच्या पाठीने दोन्हीकडे एकेक उथळ चर पाडावी आणि पंख हलकेच वर वाकवावेत. मुळापासून 70 मिलिमीटरवर टोक 7 मिलिमीटरांहून किंचित अधिक उचलले गेले म्हणजे 6 अंश साधले. जाड पुठ्ठ्याचा एक त्रिकोण या मापाने कापून ठेवावा. तो दोन्ही बाजूंना लावून पाहता येतो. धडाचा उभा शेपटाचा भाग टेबलाशी काटकोनात आहे ना हे आधी पाहावे, नाहीतर एक चूक दुसरीच्या मापाने मोजली जाते. पंख पिळवटलेला असेल तर तो उकळत्या नव्हे, चांगल्या कढत पाण्यात धरून सरळ करावा आणि लगेच गार पाण्यात घालावा.

असे केल्यावर पंखाच्या मुळाशी असलेली फट बरीचशी आपोआप मिटते. राहिलेल्या फटीसाठी धडाच्या आत प्लास्टिकच्या काडीचा आडवा तुकडा ताणून बसविल्यास धडाच्या बाजू किंचित बाहेर सरकतात. ज्या काड्यांना संचाचे भाग लागून येतात त्याच याला पुरतात. यानंतरही जी रेघ उरेल तेवढीच लांबीने भरावी. लांबी वाळताना आक्रसते. म्हणून एकदम जाड न भरता दोन-तीन पातळ थर द्यावेत, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. घाईने घासलेला सांधा गुळगुळीत दिसतो, पण महिन्याभराने रंगाखालून पुन्हा वर येतो.

आकार साधला की पृष्ठभागाकडे लक्ष द्यावे. जुन्या साच्यांतील विमानांवर रिव्हेटांची उठावदार टाचणीटोके असतात. त्यांतील एक टोक 0.3 मिलिमीटर रुंद धरले तरी प्रत्यक्षात ते 21 मिलिमीटरांहून मोठे झाले. खऱ्या स्पिटफायरवर असे काही नव्हतेच. त्याच्या पंखांवरील रिव्हेट पत्र्याशी समतल बसविलेले होते, आणि त्यामागे एक मनोरंजक प्रयोग आहे. समतल रिव्हेट बसविणे खर्चाचे व वेळखाऊ असल्यामुळे, ते नेमके कोठे आवश्यक आहेत हे पाहण्यासाठी पहिल्या नमुन्यातील रिव्हेटांवर डाळ, म्हणजे वाटाण्याची अर्धी दले, गोंदाने चिकटविण्यात आली. सगळ्या विमानावर दले असताना वेग ताशी 22 मैलांनी घटला. मग एकेका भागावरील दले काढून विमान पुनःपुन्हा उडविण्यात आले आणि कोठे खर्च करणे योग्य आहे ते ठरले. धडाच्या मागील भागावर पुढे काही काळ गोल माथ्याचे रिव्हेट राहू देण्यात आले.

संच बनविणाऱ्यांनी नकळत ती डाळ पुन्हा चिकटविली असे म्हणावे लागते! पंखांवरील सारे उठाव बारीक पॉलिशपेपरने पाणी लावून घासून काढावेत. प्रथम 400 नंबरचा, मग 600 आणि शेवटी 1000 चा कागद घ्यावा. धडाच्या मागील भागावर मात्र ते पूर्ण न घालविता दबवावेत. पंखांची मागील कडही याच वेळी आतून घासून पातळ करावी. अर्ध्या मिलिमीटरची कड ही, वर सांगितल्याप्रमाणे, 36 मिलिमीटर जाडीची कड होते. कोणत्याही लढाऊ विमानाच्या पंखाला तशी बोथट कड नसते.

बारीकसारीक तपशील तपासताना मार्क 1 आणि नंतरच्या आवृत्त्या यांची गल्लत होऊ देऊ नये. मार्क 1 च्या पंखांखालची रचना दोन्हीकडे सारखी नाही. उजव्या पंखाखाली शीतकाची चौकोनी पेटी आणि डाव्याखाली तेल थंड करणारी लहान नळकांडी असते. हे पाहून ‘चूक’ सुधारणारे उत्साही लोक कमी नाहीत. मर्लिन इंजिनाचा प्रॉपेलर वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, आणि पाती उलटी चिकटविणे ही बालपणाची ठरलेली चूक असते. भारतीय वाचकाने आणखी एक सावधगिरी बाळगावी. भारतीय वायुसेनेच्या 8 व्या स्क्वाड्रनला 1944 मध्ये स्पिटफायर मिळाले ते मार्क 8 होते. दिल्लीच्या पालम येथील वायुसेना संग्रहालयातील स्पिटफायर तर ग्रिफन इंजिनाच्या मार्क 18 जातीचे आहे. त्याचा प्रॉपेलर पाच पात्यांचा असून तो उलट दिशेने फिरतो. मार्क 1 ची पेटी पूर्ण करताना त्याचे माप घेतल्यास चांगले विमान बिघडेल. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मार्क 1 आहे. त्याची छायाचित्रे उपयोगी पडतात.

या टप्प्यावर काम दुसऱ्यांदा सुटण्याचा धोका संभवतो. पहिल्या वेळी हाताला जमत नव्हते. या वेळी डोळ्यांना फार दिसू लागते. आठ बंदुकांची तोंडे, चाकांच्या खोबणीतील नळ्या, सुकाणूच्या बिजागऱ्या – यादी वाढत जाते आणि पेटी पुन्हा माळ्यावर जाते. म्हणून यादी आरंभीच कागदावर लिहावी आणि नंतर तीत भर घालू नये. बंदुकांबाबत तर एक सोयही आहे. उड्डाणापूर्वी त्यांच्या तोंडांवर कापडाचे लाल तुकडे चिकटविले जात. तेवढे रंगविले की पुरते.

बोटाच्या ठशाचा निर्णय कोणतेही पुस्तक देऊ शकत नाही. तो पंखाच्या पाठीवर असेल तर रंगाखालून दिसणारच, आणि मग घासावाच लागेल. चाकाच्या खोबणीत किंवा पंखाच्या आतल्या अंगास असेल तर त्याला हात न लावताही विमान पूर्ण होते. अनेक जण तो तसाच ठेवून वरचा तुकडा बसवितात, आणि तसे करण्यात गैर काही नाही.

रंग देताना 1940 च्या उन्हाळ्यातील विमान ठरविले असेल तर वर तपकिरी व हिरवा आणि खाली फिका आकाशी हिरवट रंग असावा. 1939 मधील विमानाचा खालचा भाग अर्धा काळा व अर्धा पांढरा असे. संचातील पाण्यात भिजवून लावावयाची चिन्हे वीस वर्षांत पिवळी पडलेली आणि ठिसूळ झालेली असतात. पिवळेपणा जाण्यासाठी ती खिडकीच्या काचेवर आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवावीत. मग निरुपयोगी असे एक चिन्ह भिजवून पाहावे. ते पाण्यात फुटले तर बाकीच्यांवर पारदर्शक वार्निशाचा पातळ थर देऊन, तो वाळल्यावर प्रत्येक चिन्ह कडेने कापून घ्यावे.

बैठकीवरचे पारदर्शक झाकण सर्वांत शेवटी बसवावे. त्याला प्लास्टिकचा गोंद लावू नये, कारण त्याच्या वाफेने काच धुरकट होते; लाकडाचा पांढरा गोंद पुरेसा असतो आणि वाळल्यावर दिसत नाही. तो वाळेपर्यंत विमान रात्रभर उलट्या पातेल्याखाली झाकून ठेवावे, म्हणजे धूळ बसत नाही.