तीन वर्षांच्या मुलाचं करिअर विचारू नका

डिसेंबर उजाडला की दहावी-बारावीच्या आधी नर्सरीवाले पालक माझ्याकडे येऊ लागतात. त्यातल्या काहींच्या हातात बालविकासतज्ज्ञांचा रिपोर्ट असतो. बोलणं उशिरा, ऑटिझमची लक्षणं, विकासात विलंब, असं काहीतरी त्यात लिहिलेलं असतं. प्रश्न दरवर्षी तोच. विशेष शाळेत घातलं तर कायमचा शिक्का बसेल, मग रिपोर्ट न दाखवता चांगल्या इंग्रजी नर्सरीत टाकावं का? वर्गात त्याच्यासोबत बसणारी शॅडो टीचर देऊ. आणि पुढे याच्या करिअरचं काय?

रिपोर्ट लपवू नका. ज्या बाईंच्या वर्गात तुमचं मूल बसणार, त्यांनाच माहीत नसेल की मिक्सरच्या आवाजाने ते कान झाकतं, तर त्या त्याला हट्टी समजतील. चूक त्यांची नसेल. शॅडो टीचर प्रशिक्षित असेल आणि हळूहळू बाजूला होत असेल तर उपयोग आहे. पण सध्या जो प्रकार सर्रास दिसतो, त्यात ही ताई डबा उघडते, रंगवून देते, उत्तरही तीच देते. वर्षाअखेरी मूल एका मोठ्या माणसावर अवलंबून राहायला शिकलेलं असतं. पालक म्हणतात, नर्सरी झाली.

शिक्क्याची भीती समजते, पण ती निराधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची नेहमीची शाळा की विशेष शाळा, ही निवड कुटुंबाची. तिसऱ्या वर्षी विशेष बालवर्गात गेल्याने सहाव्या वर्षीचं एकही दार बंद होत नाही. उलट लक्ष देणं, पाळी येईपर्यंत थांबणं, हवं ते मागणं, शी-शूचं सांगणं हे तिथे पक्कं झालं, तर नेहमीच्या शाळेत टिकणं सोपं जातं.

‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही चौथ्या वर्षी बोलला’ हे आजीचं वाक्य घराघरात ऐकतो. सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं नाही, किंवा आलेलं बोलणं गेलं, तर वाट पाहायची नाही. आधी श्रवण चाचणी करून घ्या. मूल टाळी वाजवली की वळून बघतं, एवढ्यावर कान ठीक आहेत असं ठरवू नका.

आता ज्याबद्दल कुणी सांगत नाही ते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातली पथकं अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि विकासात विलंब दिसला तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. या केंद्रातली तपासणी आणि उपचार मोफत. इंग्रजी नर्सरीच्या नादात अंगणवाडीची पायरी न चढलेल्या मध्यमवर्गीय घरांना हे ठाऊकच नसतं. मुंबईकरांसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, ती तर वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था. खासगी थेरपीवर उसनवारी करण्याआधी या ठिकाणी जा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, संरक्षण एक लाखापर्यंत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, तेही काढून ठेवा. बौद्धिक अक्षमतेचं लहान वयात मिळणारं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, पाचव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. त्यामुळे तो जन्माचा निकाल समजू नका.

शाळा ठरली की तयारी मुलापेक्षा घराची जास्त लागते. एक पानभर लिहा: मुलाला काय आवडतं, कशाने घाबरतं, पाणी हवं असेल तर काय करतं, रडू लागलं तर कशाने शांत होतं. ते पान बाईंच्या हातात द्या. शाळा सुरू होण्याआधी दोन-तीनदा मुलाला तिथे नेऊन आणा, फाटकाचे, वर्गाचे, बाईंचे फोटो काढा आणि रोज झोपताना दाखवा. पहिले काही दिवस अर्धा तासच, मग वाढवत न्या. निघताना मुलाची नजर चुकवून पळू नका. ‘जेवून झालं की आई येईल’ असं सांगा आणि तेव्हाच या. शाळेकडून वैयक्तिक शिक्षण आराखडा मागा आणि त्यातलं उद्दिष्ट साध्या मराठीत लिहून घ्या. ‘संवादकौशल्य सुधारेल’ चालणार नाही. ‘तीन महिन्यांत पाण्यासाठी खूण करेल’ असं हवं, म्हणजे झालं की नाही ते तुम्हालाच दिसेल.

‘घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, मूल गोंधळतं’ हा सल्ला बिनदिक्कत दिला जातो. तो चुकीचा आहे. दोन भाषा ऐकल्याने बोलणं उशिरा येत नाही. आजोबांशी, शेजारच्या काकूंशी ज्या भाषेत नातं आहे ती काढून घेतलीत, तर या मुलाशी बोलणारी माणसंच कमी होतील.

आणि करिअरचा प्रश्न आहेच, पण तो आईच्या करिअरचा. रिपोर्ट आला की घरात पहिला निर्णय होतो तो तिने राजीनामा द्यायचा. का? थेरपीच्या वेळा बाबांनाही जमवता येतात. शाळेच्या बैठकीला बाबा आलेच पाहिजेत, असं मी बजावून सांगतो. सरकारी नोकरीत असाल तर बालसंगोपन रजेचे नियम आस्थापना शाखेत आधी विचारा. ‘तू मोबाइल दिलास म्हणून असं झालं’ हे वाक्य घरात पुन्हा उच्चारू नका. ऑटिझम मोबाइलमुळे होत नाही आणि या आरोपाखाली पिचलेली आई मुलाशी खेळू शकत नाही.

बारावीनंतर काय, असं विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनीही हे वाचावं. विशेष शिक्षणाची पदविका दोन वर्षांची आहे, अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच निवडा. विशेष शिक्षक म्हणून शिकवण्यासाठी या परिषदेची नोंदणी लागते. पालकांनीही विशेष शाळा पाहताना बाईंचा नोंदणी क्रमांक निःसंकोच विचारावा. वर्ग रंगीत आहे का, यापेक्षा ते महत्त्वाचं. नंतर मुलाच्या सहाव्या वर्षी शाळा निवडायला जाल, तेव्हा या तीन वर्षांच्या आराखड्यांची फाईल सोबत न्या.